घारीने न दाखवलेले अकरा सेकंद

तिला सगळे घार म्हणत. हे नाव आपल्याला कौतुकाने मिळालं असं ती सांगत असे. खरं म्हणजे ते गोदामातल्या हमालांनी दात-ओठ खात ठेवलेलं होतं. सोळा वर्षं ती एका अवाढव्य गोदामाच्या पहारा-खोलीत बसली. समोर चोवीस पडदे, हातात चहाचा कप, आणि नजर अशी की बाराव्या पडद्यावर कुणी खोक्याला टेकून डुलकी काढली, तर तिसऱ्या पडद्याकडे बघता बघता ही लाउडस्पीकरवर विचारायची, "बारा नंबर, पांघरूण पाठवू का?" नवरा बोटीवर नोकरीला होता. बायकोच्या नजरेतून सुटायचा त्याला एवढा एकच मार्ग सापडला, असं शेजारीण म्हणे. पण शेजारणीचं किती मनावर घ्यायचं?

अशी ही बाई संगणकावरच्या खेळांच्या दुनियेत गेली, ती एका मेहुण्यामुळे. बंद पडलेल्या बर्फाच्या कारखान्यात काही उत्साही मंडळींनी सामन्यांचा हॉल काढला होता. मंचावर पाच विरुद्ध पाच खेळाडू, कानांवर हेडफोन, आणि समोर हजारभर प्रेक्षक आरडाओरडा करत. अडचण एकच होती. खेळात दहा माणसं दहा ठिकाणी धावत असतात आणि प्रेक्षकांपुढे पडदा एकच. कोणत्या क्षणी कुणाच्या मागे जायचं, हे ठरवणारं कुणीतरी लागतं. त्याला हॉलमध्ये 'दाखवणारा' म्हणत. पहिला दाखवणारा स्वतःच खेळवेडा होता. आवडत्या खेळाडूकडे बघत बसायचा आणि कोपऱ्यात तिसराच कुणी सामना जिंकून जायचा. प्रेक्षकांनी दोनदा बाटल्या फेकल्या. तेव्हा हॉलच्या मालकाचा मेहुणा, जो गोदामात व्यवस्थापक होता, म्हणाला, "आमच्याकडे एक बाई आहे. तिला खेळातलं ओ की ठो कळत नाही. पण माणूस कुठून सटकणार, हे तिला त्या माणसाच्या आधी कळतं."

पहिल्या महिन्यात पोरं हसली. दुसऱ्या महिन्यात हसू थांबलं. तिसऱ्या महिन्यापासून खेळाडूच म्हणायला लागले, "घार असली तरच खेळणार."

ती नुसत्या नजरेवर विसंबायची नाही, हे मात्र तिच्या शत्रूंनीही कबूल केलं असतं. सामना संपला की त्याची एक फाइल उरते. ती म्हणजे चित्रफीत नव्हे. चित्रफितीत कॅमेऱ्याने दाखवलं तेवढंच राहतं. या फाइलमध्ये सगळेच्या सगळे दहा जण असतात. हवं त्याच्या पाठीमागे उभं राहून सामना पहिल्यापासून पुन्हा बघता येतो. घार दर सामन्यानंतर ती फाइल घरच्या संगणकावर लावायची आणि पडद्यावर सगळ्यात कमी दिसलेल्या खेळाडूच्या मागे मागे फिरायची. याला ती 'उलटी फेरी' म्हणे. आपल्या हातून काय निसटलं ते वहीत एका ओळीत लिहायचं, की फेरी संपली. हॉलमध्ये सगळ्यांना हे ठाऊक होतं. नवे दाखवणारे तिची नक्कलही करून बघत आणि आठवडाभरात कंटाळत.

त्या फाइलींत खोट एकच. खेळाची नवीन आवृत्ती आली की जुन्या फाइली मुक्या होतात, कशाच उघडत नाहीत. आणि संगणकाला इंटरनेटची तार जोडलेली असली, तर नवीन आवृत्ती कुणाला न विचारता येऊन बसते, थेट जावयासारखी.

आता मुद्द्याच्या सामन्याकडे येऊ. त्याआधी एक आतली गोष्ट सांगितली पाहिजे. त्या काळच्या सगळ्यात नावाजलेल्या संघातला सगळ्यात नावाजलेला खेळाडू घारीचा सख्खा भाचा होता, धाकट्या बहिणीचा मुलगा. अंगाने काडीपैलवान, आणि टोपणनाव काय, तर तोफ! त्याला हॉलमध्ये पहिल्यांदा घेऊन गेली ती हीच. घारीला स्वतःचं मूल नव्हतं. हा भाचा तिच्या मांडीवर वाढला होता, आणि पडद्यावर तो आला की तिचा हात माउसवर जरा हळुवार होतो, हे चहावाल्यालाही कळत असे.

त्याच्या संघात पाचवा होता शेपूट. संघाच्या मागे राहायचं, मागचा जिना सांभाळायचा, पुढच्यांना आयतं करून द्यायचं हे त्याचं काम, म्हणून हे नाव. अबोल आणि नेमका. घारीच्या वहीत 'काय निसटलं' या ओळीत सर्वांत जास्त वेळा त्याचंच नाव आलेलं होतं.

अंतिम सामना. बारा-बारा अशी बरोबरी. शेवटचा डाव. तोफेच्या संघाला एक खोली चाळीस सेकंद राखायची होती. वीस सेकंद राहिले तेव्हा त्यांचे दोघेच जिवंत होते, खोलीत तोफ आणि मागच्या जिन्यावर शेपूट. समोरचे तीन. हजार माणसं उभी. घारीने कॅमेरा तोफेच्या मागे लावला, आणि तिथेच ठेवला. कोपऱ्यातल्या छोट्या नकाशात शेपटाचा ठिपका जिना सोडून लांब लांब जाताना दिसला आणि अकरा सेकंदांनी विझला. पडद्यावर मात्र तोफ होता. दार उघडलं, दोघं आत आले, तोफेने दोघांना एकेका गोळीत आडवं केलं. तिसरा पोचलाच नाही, वेळ संपली. समालोचक बिचारा घसा फुटेपर्यंत ओरडला, "एकटा! एकटा उभा आहे!"

ते ओरडणं पुढे लोकांच्या फोनची घंटी झालं.

आणि इतिहास झाला. हसू नका, खेळालाही इतिहास असतो, आणि तोही राजांच्या इतिहासासारखाच एखाद्या दुपारी ठरतो. पुढची तीन वर्षं 'तोफेचा काळ' म्हणून ओळखली जातात. तो खेळायचा उत्तमच, त्यात वाद नाही. पण लोकांनी त्या अकरा सेकंदांतून शिकवण घेतली ती अशी, की एक मोठा खेळाडू पुरतो, मागच्यांचं काही अडत नाही. कोचनी मागचा जिना सांभाळणारे खेळाडू काढून टाकले. बारा वर्षांचं कार्टंसुद्धा म्हणायचं, मला पुढेच खेळायचंय. मागे कोण राहणार यावरून चांगले जमलेले संघ फुटले. चौथ्या वर्षी बाहेरून एक संघ आला, त्यात मागे राहणारे दोघे होते, आणि त्यांनी सगळ्यांना झोडपून काढलं. जाणकारांनी लिहिलं, तोफ थकली. थकली कसली! तिच्यासाठी आयतं करून देणारा कुणी उरला नव्हता.

शेपटाचं काय झालं? "जिंकलेल्या संघात पळपुटा कशाला?" असं लोक म्हणाले, आणि आठवड्याच्या आत त्याला काढून टाकलं.

घारीने उलटी फेरी तिसऱ्या दिवशी, भर दुपारी मारली. पहिले दोन दिवस सत्कार आणि मिठ्यांत गेले होते. ती शेपटाच्या मागे उभी राहिली, आणि तिच्या हातातला चहा तसाच राहिला. शेपूट पळत नव्हता. जिना सोडून तो खालच्या बोगद्यातून त्या तिघांच्या पिछाडीला निघाला होता. मुद्दाम आवाज करत, भिंतीवर गोळ्या झाडत. तिघं वळले. अकरा सेकंद एकट्याने त्यांना खेळवलं त्याने. दोघांना इतकं जखमी केलं की अंगात फुंकरीएवढा जीव उरला. तेच दोघे मग उशिरा, मागे बघत बघत तोफेच्या दारात शिरले. तिसरा शेपटाला मारण्यात गुंतला, तो पोचलाच नाही. खेळाडूंच्या अंगात किती जीव उरलाय हे दाखवणाऱ्या पट्ट्या तेव्हा पडद्यावर नसत. हॉलमधल्या हजार माणसांना काय कळणार होतं!

तिने उठून संगणकाची इंटरनेटची निळी तार उपटली. दुसऱ्या दिवशी नवीन आवृत्ती आली आणि जगातल्या बाकी सगळ्या संगणकांवर तो सामना मुका झाला. त्याच दिवशी कोचचा फोन आला.

"काकू, शेपूट शपथेवर सांगतोय की तो त्यांना ओढत होता. माझ्याकडे फाइल उघडत नाहीये. तुमच्याकडे काही दिसतं का?"

तिने पडद्याकडे बघितलं. शेपटाची आकृती बोगद्याच्या तोंडाशी थांबवून ठेवलेली होती.

"माझ्याकडचीही उघडत नाही हो," घार म्हणाली. "नवीन आवृत्ती आली ना."

का म्हणाली? एक तर भाच्याचा जन्मातला सगळ्यात मोठा मान. धाकटी बहीण दोन दिवसांपूर्वीच म्हणाली होती, "ताई, कितीतरी वर्षांनी या घरात कुणी मोठ्याने हसलं गं." आणि दुसरं, जे ती स्वतःपाशीही उशिरा बोलली. जिच्या नजरेची शपथ घेत, ती घार मोक्याच्या अकरा सेकंदांत भाच्याचं तोंड बघत बसली होती. हे कळलं असतं तर पोरांनी तिला पुन्हा गोदामात पोचवलं असतं.

तार काढली ती काढलीच. तो संगणक तिने पुन्हा कधी जोडला नाही, फाइल पुसलीही नाही. माणसाला पाप टाकवतही नाही आणि दाखवतही नाही. मग ते पलंगाखाली ठेवून वरून चादर ओढायची, एवढंच हातात राहतं.

नऊ वर्षं गेली. बर्फाचा कारखाना पाडून तिथे नवा हॉल झाला. त्याच्या दर्शनी भिंतीवर खेळाचा इतिहास लावायचं ठरलं, आणि त्या कामावर नेमलेली एक मुलगी एका सकाळी घारीच्या दारात उभी राहिली. सगळे तिला इतिहासवाली म्हणत. बोलण्याचा वेग असा, की वाक्य संपायच्या आत पुढचं वाक्य तिच्या पायावर पाय देई.

"मावशी, भिंतीच्या मधोमध ते अकरा सेकंद असणार. 'एकटा उभा आहे' या मथळ्याखाली. चित्रफीत आहे, पण मला मूळ फाइल हवीय. सगळे म्हणतात कुणाकडेच चालत नाही. म्हटलं, घारीकडे असेल तर असेल. आहे?"

"बघते," घार म्हणाली. "गुरुवारी ये."

ती गेल्यावर घार दोन तास पलंगावर बसून राहिली. एक तार जोडायची. मिनिटभराचं काम. फाइल मुकी होईल, मग "नाही गं, माझ्याकडचीही उघडत नाही," हे वाक्य नऊ वर्षांत पहिल्यांदा खरं होईल. आणि शेपूट पळपुटा म्हणून भिंतीवर कायमचा चढेल. म्हणजे त्याचं नाव नसेलच, पण त्या 'एकटा' या शब्दात तो असेल. तिने भाच्याला फोन केला.

तोफ आला तो नव्या जाकिटात. आता तो खेळत नसे. पोरांना शिकवण्याची त्याची अकादमी होती, आणि दारावर त्याच दाराचं चित्र, त्याच दोन गोळ्या. घारीने संगणक टेबलावर चढवला आणि काही न बोलता फाइल लावली.

"हा कोण बोगद्यात?" तोफेने विचारलं.

"शेपूट."

"हा इकडे कसा? हा तर पळाला होता."

"बघ की."

त्याने बघितलं. मग म्हणाला, "परत लाव." परत बघितलं. "मावशी, काहीतरी घोळ आहे. मला लख्ख आठवतंय. दोघं आत आले तेव्हा ताजेतवाने होते."

"तुला आठवतंय ते मी दाखवलेलं आठवतंय," घार म्हणाली. "हजार वेळा बघितलंयस. खेळलास एकदाच."

तोफेने फाइल स्वतःच थांबवली. मग त्याने विचारलं, "यात आवाज असतो का? आम्ही एकमेकांशी हेडफोनवर बोलायचो तो?"

"नाही. आवाज राहत नाही."

"बरंय," तोफ म्हणाला.

घारीने त्याच्याकडे बघितलं. सोळा वर्षं चोर ओळखण्यात गेली होती. पण भाच्याच्या तोंडाकडे त्या नजरेने बघायची वेळ तिच्यावर आजच आली.

टेबलाच्या कडेला निळी तार लोंबत होती. त्याने ती उचलली. "ही लावली की संपलं. कुणाचं काही बिघडत नाही. शेपूट मजेत आहे म्हणे, गाडी शिकवतो कुठेतरी. माझ्याकडे चाळीस मुलं शिकतात, मावशी."

"लाव मग," ती म्हणाली.

"तू लाव. तुझा संगणक आहे."

"तार तुझ्या हातात आहे."

"म्हणजे उद्या म्हणायला मोकळी, की भाच्याने लावली!"

"आणि तू मोकळा, की मावशीने."

दोघांनी ती तार लहान मुलं कडू औषधाची वाटी सरकवतात तशी तीन वेळा इकडून तिकडे केली. शेवटी तोफेने ती टेबलावर टाकली, जाकीट ओढून घेतलं आणि दारातून न वळता म्हणाला, "भिंत होऊन जाऊ दे. मग बघू." तो गेला, आणि अर्ध्या तासात धाकट्या बहिणीचा फोन.

"ताई, तो घरी येऊन तोंड पाडून बसलाय. काय दाखवलंस त्याला?"

"खरं ते."

"नऊ वर्षं नाही सुचलं खरं? आताच बरं उकळ्या फुटल्या? तुला स्वतःचं मूल असतं ना, तर असं केलं नसतंस."

बोलून गेली. फोन कुणी आधी ठेवला, हे दोघी आजही वेगवेगळं सांगतात.

गुरुवारी इतिहासवाली आली. घारीने फाइल लावली. मुलगी पहिल्यांदाच, सलग अकरा सेकंद, गप्प बसली. मग तिने फोनवर ते सगळं टिपून घेतलं आणि टाळी वाजवली.

"मावशी! हा खजिना आहे! कधी सापडली ही तुम्हाला?"

इथे घारीचा पाय घसरला. खरं सांगायला बसलेला माणूस शेवटच्या पायरीवर हमखास घसरतो.

"परवाच," ती म्हणाली. "पलंगाखालचं आवरताना."

झालं! 'नऊ वर्षांनी पलंगाखाली सापडलं सत्य.' आठवडाभर फोनांवर तेच. निम्मे लोक म्हणाले, आजकाल काहीही बनवता येतं, हे बनावट आहे. तोफ काही बोलला नाही. अकादमीच्या दारावरचं चित्र तसंच राहिलं. भिंतीवर मथळाही तसाच राहिला, फक्त खाली बारीक अक्षरांत एक ओळ आली: 'मागच्या जिन्यावरील खेळाडूने प्रतिस्पर्ध्यांना काही काळ दूर ओढले होते.' कोण खेळाडू, ते लिहायला जागा पुरली नसावी. आणि सगळ्यात मोठं बक्षीस मिळालं घारीला. लोक म्हणाले, बघा, शेवटी नजर ती नजर! घारीने निसटू दिलं नाही.

ते वाचून तिला दोन दिवस अन्न गोड लागलं नाही. तिसऱ्या दिवशी ती शेपटाच्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये गेली.

एका रिकाम्या मैदानात पांढरी गाडी गोल फिरत होती. स्टिअरिंगवर साठीच्या आजी. शेजारच्या सीटवर शेपूट, पायाखाली दुसरा ब्रेक. गाडी आचका देऊन थांबली.

"सर, तुम्ही ब्रेक का दाबलात? मी वळणारच होते!"

"आजी, तुम्ही वळणार होतात हे मला माहीत होतं. त्या खांबाला नव्हतं माहीत."

आजी हसत उतरल्या. शेपटाला घार दिसली. तो हसला नाही, पण त्याने स्टिअरिंगच्या बाजूचं दार उघडून धरलं. "बसा, काकू. उन्हात उभ्या राहू नका."

ती चालकाच्या जागी बसली, तो आपल्या जागी. गाडी बंदच होती.

"बघितलंस?" तिने विचारलं.

"बघितलं. बायकोने दाखवलं." तो समोरच्या खांबाकडे बघत होता. "पहिली दोन वर्षं मी सगळ्यांना सांगायचो, काकू. मग सांगताना समोरच्याचं तोंड दिसायचं. मग सांगणं सोडलं. आणि मग एक दिवस वाटलं, लोक म्हणतायत तर पळालोच असेन. खरंच. मला बोगदा आठवेनासा झाला. तुमची चित्रफीत आठवायची. तिच्यात मी नाहीच."

घारीने स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरलं.

"पलंगाखाली सापडली म्हणे," तो म्हणाला.

"हं."

"काकू, तुम्ही दर सामन्यानंतर उलटी फेरी मारायचात. मी पुढच्या वेळी विचारायचो तुम्हाला, माझं काय निसटलं म्हणून. त्या सामन्यानंतर नाही मारलीत?"

आणखी एकदा खोटं बोलायला जागा होती. आजारी होते, विसरले, सत्कार होते. कुणीही मानलं असतं.

"मारली," ती म्हणाली.

"कधी?"

"तिसऱ्या दिवशी."

गाडी बंद होती, तरी शेपटाचा पाय ब्रेकवर गेला.

"कोचने विचारलं तुम्हाला?"

"चौथ्या दिवशी."

"मला पाचव्या दिवशी काढलं," शेपूट म्हणाला.

मैदानाच्या टोकाला कुणीतरी नवशिका गिअर करकरवत होता. घारीचे डोळे भरले, तसा तो घाईने म्हणाला, "रडू नका. मला समजूत घालता येत नाही. आणि माफ वगैरे करायचं असतं तेही मला जमेल असं वाटत नाही. तुम्ही एक करा. तो संगणक घेऊन माझ्या वडिलांकडे चला. त्यांना सगळं सांगा. तिसऱ्या दिवसासकट."

वडील लिफ्ट दुरुस्त करायचे. आता घरीच असत. त्या अंतिम सामन्याच्या दिवशी त्यांनी घरचा टीव्ही जिन्याच्या कठड्यापाशी आणून बसवला होता, वरच्या-खालच्या दोन्ही मजल्यांना दिसावा म्हणून. अख्खी इमारत मुलाचं कौतुक बघायला गोळा झाली, आणि मुलाचा ठिपका लांब पळताना बघून गेली. त्यानंतर कितीतरी महिने इमारतीत विचारत, "काय हो, बाप लिफ्टवाला आणि पोरगं पळालं जिन्याने?"

शेपटाने संगणक वर नेला, टीव्हीला जोडला आणि दाराशी जाऊन उभा राहिला. हातात गाडीची किल्ली होती. पाचला त्याची पुढची शिकवणी होती. घार खुर्चीच्या कडेवर बसली आणि सगळं बोलली. भाच्यापासून कोचच्या फोनपर्यंत, पलंगाखालच्या खोट्यासकट. म्हाताऱ्याने खुर्ची टीव्हीकडे वळवली.

"दाखवा," ते शेवटी म्हणाले.

तिने लावलं. पडद्यावर सगळ्यांच्याच डोक्यावर शिरस्त्राणं, सगळ्यांचेच चेहरे झाकलेले.

"आमचा कोणता?"

"हा," घारीने उठून पडद्यावर बोट ठेवलं. "हा बघा, खाली उतरतोय."

अकरा सेकंद गेले.

"परत."

तीनदा झालं. मग वडिलांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला, पण डोळ्यांवर चढवला नाही.

"त्या दिवशी हा घरी आला," ते घारीला म्हणाले, जणू मुलगा दारात नव्हताच. "मी जेवत होतो. मी म्हटलं, भित्र्याने माझ्यासमोर ताट मांडू नये. तेव्हापासून हा स्वयंपाकघरात उभ्याने जेवतो. नऊ वर्षं. बायको आली, मूल झालं, तरी उभ्यानेच. मला वाटायचं, लाजेने जेवतो. आता ते बोललेलं मी कुठे नेऊन ठेवू, बाई?"

घारीने माउसवरचा हात काढून मांडीवर घेतला.

"तुम्ही तिसऱ्या दिवशी आला असता," म्हातारा म्हणाला, आवाज न चढवता, "तर मी तीनच दिवस वाईट बाप असतो."

दारात किल्ली वाजली. शेपूट जायला निघाला असावा. पण वडिलांनी चष्मा चढवला आणि घारीला म्हणाले, "या यंत्रात कुणाच्याही मागे उभं राहता येतं म्हणालात ना? मग मला त्या तिघांच्या बाजूने दाखवा. त्यांना माझा मुलगा कसा दिसला, ते बघायचंय."

तिने माउस हलवून कॅमेरा तिघांजवळून मागच्या बाजूला वळवला. आता पडद्यावर बोगद्याचं काळं तोंड समोर होतं. काही क्षण तिथे कुणीच नव्हतं. मग आतून एक आकृती बाहेर आली, गोळ्या झाडत, थेट त्यांच्याकडे. पडद्यावरचे तिघे दचकून वळले. वडील खुर्चीत पुढे सरकले.

"थांबवा," दारातून शेपूट म्हणाला. "जरा मागे घ्या, काकू. हां. इथे."

तो आत आला आणि टीव्हीशेजारी उभा राहिला. आकृती बोगद्याच्या तोंडाशी अडकली होती, एक पाय आत, एक बाहेर.

"इथे मी थांबलोय, दिसतंय?" तो वडिलांना म्हणाला. "अर्धा सेकंद. इथे मी घाबरलो होतो. आता आठवतंय मला. परत फिरावं असं वाटलं होतं."

म्हाताऱ्याने पडद्याकडे बघितलं, मग मुलाकडे.

"दिसतंय," ते म्हणाले.

पाच वाजत आले होते. घारीला कुणी जा म्हटलं नाही, थांबही म्हटलं नाही. तिने माउसवरचं बोट उचललं नाही, आणि शेपूट पुढे काय दाखवायला सांगतो याची वाट बघत बसून राहिली.